काचेवरची गाडी, काचेपलीकडची गाडी

प्रिय क्षितिजा,

तुझा फोन आला तेव्हा चष्म्याच्या दुकानात एका आजोबांचे डोळे तपासत होते, म्हणून नुसतं "हं, हं" करून ठेवला. त्याला होकार समजू नकोस. मी साक्ष फिरवणार नाही. हे फोनवर सांगितलं असतं तर तू रडली असतीस आणि मी विरघळले असते, म्हणून लिहितेय.

तुझ्या नवऱ्याच्या, विपुलच्या वकिलांनी भर कोर्टात मला काय ऐकवलं, ते त्याने सांगितलंच असेल. म्हणे, बसच्या काचेत पलीकडच्या रस्त्याचं प्रतिबिंब पडलं होतं, मला दिसलेली पांढरी गाडी त्यातलीच, गॅरेजमधल्या दत्तारामला उडवलं ते दुसऱ्याच कुणीतरी. "मॅडम, दोन चित्रं एकात एक मिसळली की माणूस गोंधळतोच." मागे कुणीतरी हसलं. माझे कान तापले, पण मान खाली घातली नाही.

मी ऑप्टोमेट्री शिकत होते तेव्हा मीरा रोडच्या आमच्या खोलीत तुला स्क्रीनवर ठिपके दाखवले होते, आठवतं? अर्धे डावीकडे जाणारे, अर्धे उजवीकडे, सगळे एकमेकांत मिसळलेले. चित्र थांबवलं की नुसती सांडलेली मोहरी. चालू केलं आणि तूच ओरडलीस, "अगं, हे तर दोन पडदे आहेत, एकातून एक सरकतायत!" तुला कुणी शिकवलं नव्हतं. चाल वेगळी असली की आपला मेंदू एकाच जागी दोन गोष्टी वेगवेगळ्या बघतो. माझाही बघतो.

त्या संध्याकाळी काशीमीऱ्याच्या सिग्नलला बस उभी होती. काचेवर समोरून येणाऱ्या ट्रकांची प्रतिबिंबं मागे मागे सरकत होती. पांढरी गाडी मात्र पुढे गेली, काचेपलीकडच्या सर्व्हिस रोडवरून. दत्ताराम गॅरेजमधून टायर ढकलत बाहेर आला होता. धडक बसताच मी खाली उतरून त्याचं डोकं मांडीवर घेतलं. तो एवढंच विचारत होता, "ताई, पाय आहे ना माझा?" मी आहे म्हटलं. पुढे पाय काढावाच लागला. आणि आता तुम्ही म्हणता, मला भास झाला?

विपुलला मी ओळखलं हे सगळ्यांना माहीत आहे. पण धडकेनंतर गाडी क्षणभर मंदावली, तेव्हा त्याच्या शेजारच्या सीटवरून मागे वळून बघणारी तू होतीस, क्षितिजा. गाडीत आणखी कोण होतं, हे मला अजून कुणी विचारलेलं नाही. सोमवारी सरकारी वकिलांना मी आपणहून सांगणार आहे. माझ्या तोंडून तुझं नाव निघण्याआधी तू स्वतः उभी राहावीस, म्हणून हे पत्र. कोर्टाच्या दारात तुझी वाट बघेन. तू आली नाहीस तरी मी आत जाणार.

तुझीच, अजूनही,
निशिगंधा