मावशी म्हणायचं

सुरत, रविवार, संध्याकाळ

दुपारी खोलीत पोरांनी मोबाईलवर पिक्चर लावला. एक बाई मशीनचं पोरगं घरी आणती. ते तिला आई म्हणतं. ती म्हणती, आई नको, मॅडम म्हण. तरी दार वाजलं की ते पळत जातं अन् आईच म्हणतं. शेवटी बाई त्याला परत करती.

माझे डोळे भरले. खोलीतला दत्ता हसला, "आरं येड्या, लोखंड हाय ते! त्याला कुठली आलीय आई?"

त्याला काय सांगू? बाप गेल्यावर आईचं जळकोटला दुसरं लगीन लावलं. मला चुलत्यानं गावी माकणीतच ठेवलं. तिच्या सासरी भेटायला गेलो की चारचौघांत मावशी म्हणायचं, हे तिनंच शिकवलं. तवा सात वर्षांचा होतो.

आज ठरवलं, आई म्हणायचंच. फोन लावला. तिकडच्या पोरीनं, म्हणजे माझ्याच बहिणीनं उचलला.

"कोण?"

"मावशी हाय का?" निघालंच तोंडातून.

आई आली. हळूच म्हणाली, "जेवलास का रं?"

"व्हय, मावशी."

तिकडं तिच्या मागं दार वाजलं. तिनं फोन ठेवला.

ते लोखंडाचं पोरगं शेवटपर्यंत आईच म्हणत होतं. मला का जमू नये?