गुरुवारचा झेल

प्रिय अण्णा,

तुम्हाला पत्र लिहायची ही पहिलीच वेळ. एकाच घरात राहणाऱ्या माणसांना कशाला लागतंय पत्र? तुम्ही हॉलमध्ये, मी आतल्या खोलीत, मधे आईची पोळ्यांची परात. हाक मारली की झालं. आता हाक मारून भागत नाही, म्हणून हा कागद.

उद्यापर्यंत मला जर्मनीतल्या त्या क्लबला ‘येते’ किंवा ‘येत नाही’ हे कळवायचंय. जानेवारीत कंपनी पुन्हा तीन महिने पाठवतेय, क्लबने उड्यांसाठी चाळीस मीटरच्या टेकडीवर माझं नाव धरून ठेवलंय. आज सकाळपर्यंत माझं उत्तर ‘नाही’ असंच होतं. आज गुरुवार, एमआयडीसीची सुट्टी. आज जे झालं ते तुम्हाला सांगितल्याशिवाय मला काही ठरवता येणार नाही. तुम्ही सात महिन्यांपूर्वी गेलात म्हणून काय झालं, ऐकायला तर लागेलच!

तुम्हाला आठवतं, मी पहिल्यांदा परत आले तेव्हा? चाकणच्या कंपनीने पोरीला आठ महिने जर्मनीत ट्रेनिंगला पाठवलं आणि ती गाडीच्या टपावर साडेसात फुटांच्या दोन फळ्या बांधून चिखलीत उतरली. तुम्ही टेप आणून मोजल्यात आणि म्हणालात, “दाराची चौकट आणलीस का काय?”

मी सांगितलं, याला स्की म्हणतात. या पायात घालून बर्फाच्या उतारावरून घसरत यायचं आणि कड्यावरून उडी मारायची. लहान टेकडीवर म्हातारी माणसं, शाळकरी मुलं, सगळी रविवारची येतात. मी पण शिकले.

“आणि खाली कोण धरतं?” तुम्ही विचारलंत.

“कोणी नाही, अण्णा. हवाच धरते.”

तुम्ही टेप गुंडाळायला लागलात. आई मात्र लगेच म्हणाली, “लगीन करायचं वय आन् ही हवेत उडायली!”

मला वाटलं, विषय संपला. पण पुढच्या गुरुवारी पहाटे तुम्ही मला उठवलंत. तिकडची माणसं बर्फ नसताना सराव कसा करतात त्याचे मी दाखवलेले व्हिडिओ तुम्ही चार वेळा पाहिले होते म्हणे. तिकडे उडी मारणारा चाकांच्या पाटावरून येतो, पुढे झेपावतो आणि शिकवणारा त्याला कमरेला धरून वरच्या वर तोलून धरतो. तुम्ही भंगारातल्या बेअरिंगची चाकं लावून पाट तयार करून ठेवला होता. आपल्या बिल्डिंगचा पार्किंगचा रॅम्प हा उतार, आईच्या मेसमध्ये जेवणाऱ्या पोरांच्या चार गाद्या खाली, आणि शेवटी खडूच्या रेघेपलीकडे तुम्ही, बनियनवर, पाय फाकवून उभे. बेअरिंगचा तो खडखडाट! तळमजल्यावरचे सोसायटीचे सेक्रेटरी खिडकी उघडून ओरडले होते, “भाऊ, सुट्टीच्या दिवशी तरी झोपू द्या राव!”

एकतीस वर्षं टूलरूममध्ये डाय, म्हणजे साचे, बनवण्यात काढलेला माणूस तुम्ही. तुम्हाला अंदाजपंचे काही चालायचंच नाही. उतारावरून येताना गुडघ्याचा कोन किती, हे तुम्ही व्हिडिओवरून काढलंत आणि त्या मापाचं पत्र्याचं एक गेज कापलंत. मी उकिडवी बसले की ते माझ्या गुडघ्यामागे लावून बघायचात. नीट बसलं तर ओके, नाही तर पुन्हा. आई जिन्यातून विचारायची, “पोरगी रिजेक्ट झाली का पास?” तुम्ही गंभीरपणे म्हणायचात, “रीवर्कला हाय.”

मला सगळ्यात अवघड काय गेलं ते फक्त तुम्हालाच कळलं होतं. कडा आला की माणूस आपोआप वर उडी मारतो. मारायची असते पुढे, छाती हवेवर टाकून. मी पुढे जायचे, पण शेवटच्या क्षणी मागे ओढून घ्यायचे. व्हिडिओत ते दिसायचं नाही. तुमच्या हातांना कळायचं. “रूपे, तू वजन चोरायलीस,” तुम्ही म्हणायचात. “माझ्या हातात तू अर्धीच येतीस. बाकीची कुठं ठेवलीस?” ज्या गुरुवारी मी पूर्ण आले, त्या दिवशी तुम्ही मला डोक्यावर आडवी धरून तीन अंक मोजलेत आणि मग दोघेही गादीवर पडलो. तुम्ही एवढे हसलात की कवळी सावरायला लागली.

एकदा तुम्ही विचारलंत, हे सगळं कशासाठी? मी खरं ते सांगितलं. दिवसभर मी स्क्रीनवर रबराचे बुश काढते, दुसऱ्याच्या गाडीत बसणारे, कोणाला न दिसणारे. त्या टेकडीवरून सुटल्यावर दीड सेकंद मी कोणाच्याच कामाची नसते. तेवढं बरं वाटतं.

“दीड सेकंदासाठी एवढी यातायात?” तुम्ही म्हणालात. मग चहा संपवून आपणच बोललात, “डाय बरोब्बर बसली की एक आवाज येतो. बारीक. मी त्याच्यासाठीच नोकरी केली म्हण की. पगार काय, कुठंबी मिळाला असता.” रिटायर झाल्यापासून तुम्ही कामाबद्दल पहिल्यांदाच बोलत होतात.

आता त्या तेलाचं. माफी मागायची राहूनच गेली, म्हणून आज मागते. खंडेनवमीला तुम्ही तुमचं मायक्रोमीटर आणि व्हर्नियर पुसून पाटावर मांडलं, शेजारी माझ्या स्की ठेवल्यात, झेंडू वाहिलात. मी ऑफिसला होते. संध्याकाळी येऊन बघते तर दोन्ही स्की वरून खालून मशीनच्या तेलाने चोपडलेल्या! पूजा झाल्यावर हत्यार ठेवून देताना तेल लावायचं, तुमच्या टूलरूमची पद्धत. “गंज लागंल की,” तुम्ही म्हणालात. प्लॅस्टिकच्या तळाला गंज! त्याला मेण लागतं, तेल नाही. मी केवढ्याने ओरडले. “तुम्हाला कळत नाही तर हात कशाला लावता?” असंही म्हणाले. मेसमधली दोन पोरं जेवत होती, त्यांनी माना खाली घातल्या. दुसऱ्या दिवशी मी उठायच्या आत सगळं तेल पुसून काढलं होतंत आणि मेण कसं चढवतात ते विचारायला कागद-पेन घेऊन बसला होतात. मग दर पंधरा दिवसांनी तुम्ही घरातल्या इस्त्रीने स्कीला मेण लावू लागलात, आणि आईच्या ब्लाउजांवर मेणाचे डाग पडू लागले. आईने त्याबद्दल तुम्हाला जे सुनावलं, त्यापुढे माझं ओरडणं काहीच नव्हतं. तरी मला ते माझंच टोचतं. अण्णा, चुकलं माझं.

पण खरं टोचणारं वेगळंच आहे. ते मी आजवर कोणाला बोलले नाही.

मार्चमधल्या त्या गुरुवारी मी रेघेवर जरा उशिरा सुटले. तुम्ही झेललंत, पण तुम्हाला हिसका बसला. संध्याकाळी म्हणालात, “डावा हात दुखायलाय जरा.” आपण सगळ्यांनी कारण लगेच ठरवून टाकलं. मला झेलून दुखतोय! मी बाम चोळला, पट्टा बांधला. “हे माझं मेडल,” असं पट्टा दाखवून तुम्ही मेसच्या पोरांना सांगत होतात. सोमवारी सकाळी कोथिंबीर आणायला गेलात आणि भाजीवाल्याच्या गाडीला धरून खाली बसलात, ते उठलाच नाहीत.

हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांनी ‘हार्ट अटॅक’ सांगितलं आणि विचारलं, “हात कधीपासून दुखत होता?” मी म्हणाले, चार दिवस. त्यांनी मान हलवली. ती मान मी सात महिने पाहतेय. माझी उडी मधे नसती तर त्या दुखण्याला आपण दुसरं काही नाव दिलं असतं का? शुक्रवारीच तुम्हाला गाडीत घातलं असतं का? आणि तुम्ही तरी! जिना चढताना घाम फुटत होता, ते मेसच्या पोरांनी मागाहून सांगितलं. आईला का नाही सांगितलंत? मेडल कसलं घेऊन बसलात?

तेव्हापासून पाट पलंगाखाली आहे. दोनदा काढला. उकिडवी बसले, उतारावरून आले, आणि रेघेच्या आधीच पाय खाली टेकवले. शरीर सुटतच नव्हतं.

काल क्लबमधल्या बाईंचा फोन आला. मी इंग्रजीत सांगत होते की यंदा जमणार नाही, तरी शुक्रवारपर्यंत विचार कर, म्हणाल्या त्या. आईला इंग्रजी येत नाही, पण नकार कोणत्याही भाषेत कळतो तिला. फोन ठेवल्यावर कणीक मळता मळता म्हणाली, “तुझ्या बापाला तू नेलंस, असं म्हणले का मी कधी?”

मी फोन चार्जिंगला लावायला वळले.

“मग तुझं तूच कसं ठरीवलंस?”

“माझ्यामुळे कळलं नाही, आई. मी चोळत बसले.”

“आन् मी? ओव्याची पुरचुंडी करून चार दिस शेकत कोण होतं? तेच्यापायी मी तवा सोडू का? पंचवीस पोरं जेवतेत माझ्याकडं.” मग तिने कणकेवर ओलं फडकं टाकलं. “तेबी मला म्हणले, पोरीला झेलून दुखायलंय. कौतुकानं म्हणायले गं. मला वाटलं, खरंच आसंल.”

अण्णा, सात महिने ती पण हेच एकटी वाहत होती! एका भिंतीच्या दोन बाजूंना आम्ही दोघी. पहिल्यांदा आम्ही एकत्र रडलो. पोळ्यांना उशीर झाला, मेसच्या पोरांनी भातावर भागवलं.

आज सकाळी सहाला तिने मला उठवलं. पदर खोचलेला. “काढ तुझा पाट.” मी म्हटलं, तुला नाही पेलणार, चोपन्न किलो आहे मी. ती म्हणाली, “रोज दहा किलो कणीक मळते. बघू तर दे.” पाटावरून नको म्हणून मी नुसत्या रॅम्पच्या कठड्यावरून उडी मारायचं ठरवलं, आईच्या मागे गाद्यांची चळत. समोर तुमच्या खांद्याला लागणारी आई. हात पुढे, डोळे मिटलेले!

“डोळे उघड, आई!”

“तू ये गं. मी हाय.”

आणि मी गेले. पुढे, छाती टाकून. काही मागे ठेवलं नाही. तिने मला धरलं, अर्धा क्षण तोललं, आणि आम्ही दोघी एकमेकींवर गादीत कोसळलो. तिचं मंगळसूत्र माझ्या केसांत अडकलं. हो, ती ते अजून घालते, कोण काय बोलतंय बघू, म्हणते. सेक्रेटरींनी खिडकी उघडली, आम्हाला पाहिलं आणि काही न बोलता लावून घेतली. आई पडल्या पडल्या हसत होती. तुम्ही गेल्यापासून तिला तसं हसताना मी पाहिलं नव्हतं.

अकरा वाजता भाजी चिरताना ती म्हणाली, “हात जरा भरून आलेत.”

बस. मी तिच्यापुढची विळी बाजूला सारली, गॅस बंद केला, रिक्षा बोलावली. ती वाटभर बडबडत होती. आगं सकाळचं हाय ते, डबे राहिलेत, लोक हसतील. मी एक शब्द ऐकला नाही. नीट ईसीजी काढला, रक्त तपासलं. सगळं ठीक निघालं. डॉक्टर तरुण आहेत, त्यांनी विचारलं, “मावशी, एवढं काय उचललंत?”

आई पलंगावर बसून ब्लाउजची बाही सारखी करत म्हणाली, “पोरगी झेलली.”

त्यांना वाटलं, नात असेल. मी बाहेर बाकावर येऊन बसले आणि मला ना रडू आवरेना ना हसू.

आता ती आत झोपलीय. डबे आज शेजारच्या काकूंनी भरले. मी क्लबला ‘येते’ म्हणून कळवतेय.

आणि तुम्हाला एक वचन देते. आपल्या घरात यापुढे कोणाचं काही दुखलं तर कारण आम्ही मनाने ठरवणार नाही. बाम नंतर, शेक नंतर, कौतुक तर त्याहून नंतर. जानेवारीत त्या टेकडीवर चढायच्या आधी मी रोज आईला फोन करीन आणि विचारीन, आज काय दुखतंय? ती म्हणेल, काही नाही. मी म्हणेन, खरं सांग. ती खरं सांगेपर्यंत मी वरून सुटणार नाही, अण्णा.

तुमची,
रूपा