लोखंडी कपाटातला राउटर

शिरूर, मंगळवार, १४ नोव्हेंबर २००६

आज आप्पांच्या बंगल्यात वायरलेस राउटर बसवला. जिन्यात ठेवला तर वरच्या खोल्यांतही नेट मिळेल, असं मी सांगितलं. आप्पा म्हणाले, "न्हाई, माझ्या लोखंडी कपाटात ठेव. सूनबाईला वर कशाला पायजे?"

सून बाहेरून एमसीए करतेय, हे मला माहीत. लोखंडी कपाटातून रेंज वरच्या मजल्यापर्यंत पोचत नाही, हेही माहीत. तरी मुकाट कपाटाला मागून भोक पाडून वायर आत घेतली. पासवर्डही एकट्या आप्पांना दिला.

निघताना तिनं विचारलं, "दादा, वर नेट का येत नाही?"

"भिंती जाड आहेत, ताई," मी म्हणालो.

तिनं मान हलवली आणि मला चहा आणून दिला. तो मी प्यायलोसुद्धा. शी, किळस येते माझी मलाच.