खालची खोली संघाला, एका अटीवर

मी, जिला गल्लीत सगळे घडीवाली आजी म्हणतात, वय एक्याऐंशीच्या आसपास ("तू झालीस त्या दिवशी फार वारा होता," एवढीच नोंद आईने ठेवली), पूर्वीचा धंदा हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात चादरी धुणे, नंतरचा धंदा लोकांची भांडणे ऐकणे, असे लिहून ठेवते की माझे डोके ठिकाणावर आहे. माझ्यावर कोणी दडपण आणलेले नाही, आणि आणायची कोणाची छातीही नाही. मी सांगते आहे आणि शेजारचे निवृत्त कारकूनभाऊ टाईप करत आहेत. मी बोलेन ते सगळे उतरवायचे, साक्षीदार मध्ये बोलले तर तेही, अशी त्यांना ताकीद आहे. मला डुलकी लागली तर त्यांनी थांबावे. हल्ली दुपारी झोप कुठे संपते आणि जाग कुठे सुरू होते, ते मला नीट दिसत नाही.

१. साक्षीदार दोन. एक वकीलसाहेब. दुसरा कोपऱ्यावरच्या सलूनचा मालक, ज्याला सगळे उस्ताद म्हणतात. दोघेही आमच्या मध्यस्थ संघाचे पहिल्या दिवसापासूनचे सभासद, आणि दोन वर्षे एकमेकांशी अबोला. दुसरा येणार नाही, असे मी दोघांनाही सांगितले होते. खोटे बोलले. आता उस्ताद खिडकीपाशी बसला आहे, वकीलसाहेब दारापाशी, आणि दोघेही माझ्याकडे असे बघताहेत की जणू मी आजच जाणार आहे. तसा माझा विचार नाही.

२. वरच्या दोन खोल्या सूनबाईला व मुलाला. सूनबाईचे नाव मुद्दाम आधी घातले आहे. अठ्ठावीस वर्षे ती माझ्याशी वाद घालते आहे. एक दिवसही तिने बोलणे टाकले नाही. मुलगा मात्र रागावला की गच्चीवर जाऊन पाण्याची टाकी तपासतो. गच्चीही त्यालाच.

३. नातीला माझी लोखंडी इस्त्री. ती आता कोणी वापरत नाही, हे मला कळते. दाराला टेकवून ठेवावी. वाऱ्याने दार आपटत नाही.

४. धुलाईखान्याच्या मुकादमाला, तो जिथे असेल तिथे, माझी अर्धी माफी. तो मला चारचौघांत बहिरी म्हणायचा, कारण मी उलट उत्तर देत नसे. मी ऐकत होते, बाबा. उरलेली अर्धी त्याने येऊन मागावी.

५. धुलाईखान्यात वाफ एवढी असायची की समोरचे माणूस कमरेपासून वर नुसते पांढरे दिसे. तिथे दोघी जणी वाळवणाच्या दोरीवरून हातघाईवर आल्या. मला समजूत घालता येत नव्हती. मी त्यांच्या हातात एक मोठी चादर दिली आणि म्हटले, घडी घाला. मोठी चादर एकटीला जमत नाही. टोके धरून लांब उभे राहायचे, ताणायची, मग चालत एकमेकीपर्यंत यायचे, टोके तिच्या हातात द्यायची. पुन्हा लांब, पुन्हा जवळ. चौथ्या घडीला एक म्हणाली, "अगं, हात कशानं भाजला तुझा?" माझे सगळे शिक्षण एवढेच. पुढे भाऊ-भाऊ आले, घरमालक-भाडेकरू आले, एक नवरा-बायको तर स्वतःची चादर घेऊन आले. अजून डोळे मिटले की ती सगळी माणसे दिसतात, जोडीजोडीने, भिंती नसलेल्या लांबलचक खोलीत, हातात पांढरे काहीतरी धरून एकमेकांकडे चालत येताना. आवाज नसतो. कोण कोणाशी का भांडले होते, ते आठवत नाही. फार छान वाटते.

६. संघ बारा वर्षांपूर्वी खालच्या खोलीत निघाला. शहरात ठिकठिकाणी भांडणे मिटवणारे आम्ही नऊ जण पहिल्यांदा एकत्र बसलो, आणि पाऊण तास कोणी तोंड उघडेना. प्रत्येकाला समोरच्याला आधी बोलू द्यायची सवय! शेवटी पंखा बंद पडला तेव्हा सगळे एकदम बोलले. वकीलसाहेबांनी नियम लिहिले. पहिला नियम उस्तादने सांगितला: खोलीत ऐकलेले खोलीबाहेर न्यायचे नाही. अध्यक्ष मला केले, कारण मी सगळ्यांत म्हातारी होते.

७. दोन वर्षांपूर्वी वकीलसाहेबांनी ठराव आणला की लेखी परीक्षा दिल्याशिवाय कोणी सभासद राहू शकणार नाही. ठराव झाला. उस्ताद उठला, त्याच्या मागून तिघे गेले. आता वकीलसाहेबांचा संघ वाचनालयात भरतो, उस्तादचा सलूनमध्ये. नोंदणी कार्यालयात दोन याद्या गेल्या आहेत. महिनाअखेर एकच यादी आली नाही तर संघ त्यांच्या दप्तरातून पुसला जाईल. म्हणून खालची खोली, बाके व पंख्यासह, मी मध्यस्थ संघाला देते, या अटीवर की आज हा कागद पुरा व्हायच्या आत संघ एक झाला पाहिजे. नाही झाला तर खोली मुलाची. तो ती फरशीच्या दुकानाला देणार आहे. दुकानवाले माप घेऊन गेले. त्याचा यात काही दोष नाही.

इथे उस्ताद म्हणाला, "आजी, ही धमकी झाली."

मी म्हटले, "हो. मरणाऱ्या बाईला एक तरी माफ असते."

वकीलसाहेब म्हणाले, "मी यांना विचारलं होतं, परीक्षेला हरकत काय? स्वतः रोज पेपर वाचतात. कारणच सांगत नाहीत! नुसतं 'नको' म्हणजे काय?"

उस्तादने खिडकीबाहेर बघितले.

८. कारण मी सांगते. मला लिहिता-वाचता येत नाही. कधीच येत नव्हते. वकीलसाहेब, बारा वर्षे तुम्ही कागद पुढे केलेत की मी "चष्मा विसरले, तुम्हीच वाचा" म्हणायची, ते सगळे नाटक. चष्मा कायम पदरात असायचा, आणि तोही कशाला घेतला होता कोण जाणे. ठरावांखाली जी माझी सही आहे, ती धुलाईखान्यात चादरींवर घालायच्या खुणांतली एक आहे. तिचा अर्थ 'डाग गेला नाही, पुन्हा धुवा.'

हे फक्त उस्तादला माहीत होते. त्याला मी खालच्या खोलीत बसून सांगितले होते, आणि खोलीत ऐकलेले बाहेर न्यायचे नाही. परीक्षेचा ठराव आला तेव्हा त्याने माझ्याकडे पाहिले. मी गप्प. मध्यस्थाने बाजू घेऊ नये ना! साऱ्या जन्माची सवय. स्वतःच्याच बाबतीत मी तटस्थ राहिले. लाजही वाटली. तो उठून गेला, सगळे त्याला हेकट म्हणाले, आणि मी तेही ऐकून घेतले. उस्ताद, बाबा, आज मी तुला त्या गुपितातून मोकळा करते.

छतावर पाण्यासारखा उजेड हलत होता. खाली कुठे पाणी नव्हते. मला बहुधा डुलकी लागली, कारण वाफेतून दोन माणसे येताना दिसली आणि कोण कुठून येते आहे ते ओळखू येईना. जागी झाले तेव्हा वकीलसाहेब खिडकीपाशी, उस्तादशेजारी उभे होते.

"एवढं माझ्यापाशी बोलायचं होतं हो," ते उस्तादला म्हणाले.

"मला बोलता येत नव्हतं."

"मी पाठांतर करणारा माणूस आहे, उस्ताद. या बाई जे बोलायच्या ते घरी जाऊन वहीत लिहून काढायचो मी. परीक्षेचे प्रश्न त्याच वहीतून काढलेत."

"मग पेपर आजींनी काढला आणि आजीच नापास?" उस्ताद म्हणाला. हसला तो आधी. मग वकीलसाहेबांनी चष्मा काढून बराच वेळ पुसला.

९. हे कलम दोघांनी मिळून सांगितले, एकमेकांचे शब्द दुरुस्त करत: लेखी परीक्षा रद्द. नव्या सभासदाने दोन जुन्या सभासदांसमोर एक खरे भांडण ऐकावे. त्यांनी त्याला ऐकताना पाहावे. वकीलसाहेबांना 'पाहावे' पुढे 'व अहवाल द्यावा' हवे होते. उस्ताद म्हणाला, "तोंडी." वकीलसाहेब म्हणाले, "बरं, तोंडी." यादी एकच, उद्या सकाळी दोघांनी मिळून न्यायची. खोली संघाची. फरशीवाल्यांना मुलाने कळवावे, आणि मग हवे तर गच्चीवर जावे.

१०. माझ्यामागे कोणी भाषण करू नये. कोणाला फारच बोलावेसे वाटले तर समोरच्याला आधी बोलू द्यावे.

हे सगळे मला वाचून दाखवले. बरोबर आहे.

ठिकाण: वरची खोली, खिडकीजवळचा पलंग
दिनांक: ११ फेब्रुवारी, गुरुवार, दुपारचे साडेचार

डाव्या हाताचा अंगठा: घडीवाली आजी

साक्षीदार पहिला, वकील, स्वतःच्या अक्षरात: यांनी माझ्यासमोर अंगठा उमटवला. यांना लिहिता-वाचता येत नाही, हे मला आज दुपारी कळले. संघाच्या अध्यक्षा याच आहेत. (सही)

साक्षीदार दुसरा, सलूनमालक, स्वतःच्या अक्षरात: माझ्यासमोरही उमटवला. मला आधीपासून ठाऊक होते. (सही)