शोकेसमधली बारकी

३ मार्च, सोमवार

लागले एकदाची कामाला! आणि तेही मला हवं होतं तेच काम. तीन मजली कपड्यांचं दुकान, रस्त्याकडे बारा फूट रुंद काच, आणि त्या काचेमागे काय दिसायचं ते आता मी ठरवणार. सकाळी आईनं डबा हातात देताना मला दोनदा वर-खाली न्याहाळलं आणि केस तरी नीट बांध म्हणाली. बारकी, माझी धाकटी बहीण, दातांवर ब्रश फिरवत दारात उभी होती. तिनं फेसाळ तोंडानंच शुभेच्छा दिल्या. तशाही अवतारात ती देखणी दिसते. आमच्याकडे आलेला पाहुणा आधी तिच्याकडे बघतो. माझ्याकडे बघतो तो पाण्याचा पेला परत देताना.

दुकान मोठ्या बाईंच्या हाताखाली चालतं. आवाज इतका मऊ, की ऐकायला पुढे वाकावं लागतं. त्या म्हणाल्या, रस्त्यानं जाणारा माणूस आपल्या काचेसमोर फक्त तीन पावलं असतो, चौथं पाऊल त्यानं आत टाकलं पाहिजे. मी हे वहीच्या पहिल्या पानावर लिहून घेतलं.

५ मार्च, बुधवार

पुतळ्याला कपडे घालणं ही एक कलाच आहे. इथले शिंपीमामा ती मला शिकवतात. तीस वर्षं याच दुकानात फिटिंगचं काम करतात, बोलतात कमी. कपडा मागून टाचण्यांनी चिमटायचा, म्हणजे समोरून अंगावर शिवल्यासारखा दिसतो. समोरून राणी, मागून साळिंदर, असं ते म्हणतात. बाही अरुंद असली तर पुतळ्याचा हात खांद्यातून फिरवून काढायचा, बाहीत सरकवायचा आणि पुन्हा बसवायचा. कट् असा आवाज आला की बसला.

दुपारी जरा विचका झाला. नव्या हंगामासाठी मागवलेला मधला पुतळा पेटीतून निघाला तो चेहऱ्याला तडा घेऊनच. मोठ्या बाई चिडल्या नाहीत. घरी कुणी उंच मानेची मुलगी आहे का, एवढंच त्यांनी विचारलं. मी मोबाइलमधला बारकीचा फोटो दाखवला. त्या बराच वेळ बघत राहिल्या. दुपारी दोन तास उभी राहील का म्हणाल्या, जिवंत पुतळा म्हणून. लोक थांबतील.

निघताना शिंपीमामांनी मला जिन्यापाशी गाठलं. आपलं माणूस आणू नकोस, परकं शोध, असं म्हणाले. का म्हणून विचारलं, तर दोरा दातानं तोडला आणि चालू लागले. म्हातारपण, दुसरं काय.

९ मार्च, रविवार

काय गर्दी! बारकी करड्या झग्यात उभी होती, खाली मी सुकलेल्या फांद्या मांडल्या होत्या, वरून एकच दिवा. फुटपाथवर लोक पैज लावत होते, खरी की खोटी. दोन तासांत तिनं पापणीसुद्धा लववली नाही. खाली उतरली तेव्हा हसत होती, पायाला मुंग्या आल्या म्हणाली.

मोठ्या बाईंनी माझ्या पाठीवर हात ठेवला. “तुला नजर आहे.”

मला आजवर असं कुणी म्हणालं नव्हतं.

१४ मार्च, शुक्रवार

दोनाचे चार तास झाले, चाराचे सहा. बारकीला जिना चढताना गुडघे वाकवता येत नाहीत. भूक नाही म्हणते. लहानपणी पडली होती तेव्हाचा हनुवटीवरचा व्रण कुठे दिसतच नाही. सगळी कातडी एकसारखी, गुळगुळीत. आईला वाटतं, पोरीवर तेज आलंय.

आज झोपताना ती म्हणाली, “ताई, उद्यापासून नको ना गं.”

मी तिला सांगितलं, एवढा आठवडा काढ. गुरुवारी मालक बाहेरच्या लोकांना घेऊन येणार आहेत, माझी शोकेस बघायला. माझी.

२० मार्च, गुरुवार

जे झालं ते जसंच्या तसं लिहिते.

पाहुण्यांना दाखवायला बारकीला अरुंद बाह्यांचा कोट घालायचा होता. बारकीचं कोपर वाकेना. मी ओढून पाहिलं, तेल लावून पाहिलं. पाहुणे दहा मिनिटांवर. मोठ्या बाई शांतपणे म्हणाल्या, “मग हात काढ.”

मी हसले. त्या हसल्या नाहीत.

मी खांदा धरला आणि फिरवला. हात निघाला. रक्त नाही, काही नाही. आत एक गोल खाच आणि राखाडी खिळा. बारकीचं तोंड हललं नाही. डोळे तेवढे माझ्याकडे वळले, आणि काठोकाठ भरले.

मी हात बाहीत सरकवला. परत बसवला. कट्.

पाहुण्यांनी माझ्यासोबत फोटो काढला. फोटोत मी छान आलेय.

२१ मार्च, शुक्रवार

आईला सांगितलं, बारकीला मोठी संधी मिळालीय, महिनाभर शिकायला दुसरीकडे ठेवलंय. आईनं लगेच मानलं. मी कधी खोटं बोलत नाही ना.

बारकी आता शोकेसमध्येच असते. कालपासून डोळेही हलत नाहीत.

२६ मार्च, बुधवार

जेवणाच्या सुट्टीत शिंपीमामांनी मला दुसऱ्या मजल्यावर नेलं. टोपीवाल्या पुतळ्याची कॉलर नीट केली आणि म्हणाले, ही माझी मुलगी. अकरा वर्षं झाली. हिचे कपडे मी दुसऱ्या कुणाला बदलू देत नाही. मग मला विचारलं, टाचण्या फक्त कापडालाच लावतेस ना?

मी खाली धावले. कोट मागून उघडून पाहिला.

दोन टाचण्या नुसत्या कापडात नव्हत्या. मी घाईत लावलेल्या. सहा दिवसांपूर्वी.

२८ मार्च, शुक्रवार

आज बारकीला घरी न्यायचं ठरवलं. भर दुपारी. कोण अडवणार? उचलली तर रिकाम्या पिंपासारखी हलकी. दारापर्यंत नेली. ऊन लागलं मात्र — कानापासून गळ्यापर्यंत केसाएवढी चीर गेली. आतून आवाज आला. कण्हल्यासारखा. म्हणजे आत ती आहे. सगळं कळतंय तिला.

परत आणून ठेवली.

मोठ्या बाईंनी स्वतःच्या हातानं चीर पुट्टीनं भरली. रागावल्या नाहीत. सारखी तिला कान लावून आवाज ऐकत बसू नकोस म्हणाल्या, काम राहतं.

३१ मार्च, सोमवार

पुढची शोकेस. दोन पुतळे हवेत. आई आणि मुलगी. मोठ्या बाईंनी माझ्या आईची उंची विचारली. मी सांगणार नाही म्हटलं.

तर म्हणाल्या, “आई नको असेल तर दोघी बहिणी चालतील. तू ठरव.”

काम सोडते म्हटलं. खुशाल सोड, म्हणाल्या. पण बारकीला रोज कोण बघेल? नव्या मुलीच्या हाताला वळण नसतं. टाचण्या कुठेही लागतात.

२ एप्रिल, बुधवार

ट्रायल रूममध्ये. कडी लावलीय.

आई आलीय. बाईंनीच फोन केला होता — लेकीला भेटून जा.

ऐकू येतंय. बाईंचा आवाज नाही, तो कधीच येत नाही. आईचा येतो. हसतेय. म्हणतेय, मला काय करायचं उभं राहून, मला कोण बघणार —

बारकीसमोरूनच आत आली असेल. ओळखलं नाही.

मी गेले, बोलले, तर मी. नाही बोलले, तर —

माझे हात बघितले आत्ता. पाचही बोटं वाकतात. दहाही.

मापाची पट्टी उलगडल्याचा आवाज. आई म्हणतेय, गुदगुल्या होतात.

हाक मारतेय मला. शोकेसचा ओटा उंच आहे, चढायला जरा हात दे म्हणतेय. तिचे गुडघे दुखतात. पडली तर — हात द्यायलाच हवा. नुसता हात द्यायचा. बाकी काही बोलायचं ना —