होडी आहे. ये.

आप्पा, तुमच्या तीन शब्दांवर मी गेली चोवीस वर्षं चिडून आहे. माणूस गेलं की त्याच्यावरचा राग हळूहळू विरतो म्हणतात. माझा नाही विरला. रविवारी दादाचा मुंबईहून फोन आला होता. तुमचा मुलगा आता बावन्न वर्षांचा आहे, आप्पा, आणि फोनवर अगदी तुमच्यासारखा खोकतो. त्याच्या मुलांनी दिवाळीनंतर भंडारदऱ्याला तीन दिवस खोल्या घेतल्यात, होडी ठरवलीय, सगळ्यांनी जायचं म्हणतात. सगळं सांगून झाल्यावर तो हसला आणि म्हणाला, "या वेळी वेळेवर येशील ना? की तार करू?" मीही हसले. फोन ठेवला आणि संध्याकाळभर स्वयंपाकघरात भांडी आदळत राहिले. शेवटी घरातल्यांनी विचारलं, काय झालंय. काय झालंय ते तुम्हालाच सांगायला हवं, म्हणून लिहायला बसले.

तुम्ही कमी बोलायचात ते तुमच्या नोकरीमुळे, असं आई आम्हाला लहानपणापासून समजावत आली. कालव्यावरचे साहेब तुम्ही. आपली चाळ श्रीरामपूरच्याही पुढे, कालवा जिथे संपतो तिथे, आणि पाणी तिथवर पोचेपर्यंत वरच्या गावांनी त्यातलं निम्मं पिऊन टाकलेलं. सकाळी चहा व्हायच्या आत ओट्याखाली माणसं उभी. "सायेब, आमच्या चारीला पानी कवा सुटंल?" तुम्ही म्हणायचात, "मंगळवारी." "मंगळवारी सकाळचं का रातचं?" "मंगळवारी." एक शब्द जास्त बोललं की त्यातून दोन भाऊबंदांची भांडणं उभी राहतात, असं तुमचं म्हणणं. कालव्यावर ते खरंही असेल. पण तुम्ही घरातही तसेच बोलत होतात, आप्पा. आम्ही काही चारीवरचे शेतकरी नव्हतो.

दादाने तुम्ही लावून दिलेली खात्यातली नोकरी सोडली, मुंबईला गेला, तिथे परस्पर लग्न केलं आणि मग चार पानी पत्र लिहून कळवलं. त्या चार पानांत त्याने काय काय लिहिलं होतं! तुमची माफी मागितली होती, वहिनीबद्दल लिहिलं होतं, घरी आणू का असं विचारलं होतं. तुम्ही पोस्टकार्डावर उत्तर पाठवलंत, "बरं." फक्त एवढंच. त्या 'बरं'चा अर्थ त्याने लावला की आप्पांच्या लेखी मी संपलो. आईने लावला की या म्हणताहेत. दोन वर्षं तो आला नाही आणि तुम्ही विचारलं नाही.

माझ्या बाबतीत तुमचं मौन माझ्या पथ्यावर पडलं, हेही लिहायला हवं. बी.ए. झाल्यावर मी आणि माझी मैत्रीण सायकलवरून देश बघायला निघालो, तेव्हा आख्ख्या चाळीने तोंडात बोटं घातली होती. सायकल मला तुम्हीच शिकवलेली, कालव्याच्या भरावावरच्या त्या अरुंद वाटेवर, एका बाजूला पाणी आणि एका बाजूला बाभळी. मी विचारलं, "आप्पा, जाऊ?" तुम्ही आत गेलात, तुमचा हवा भरायचा पंप घेऊन आलात आणि माझ्या हातात दिलात. "ब्रेकची रबरं जास्त घे," म्हणालात. पंप मिळाल्याचा आनंद इतका झाला की तुम्हाला मी जायला हवी आहे की नको आहे, हे विचारायचं राहूनच गेलं. मागाहून आईने लिहिलं होतं, लोक तुम्हाला वाटेत थांबवून विचारतात, "सायेब, पोरगी कुठवर गेली?" आणि तुम्ही म्हणता, "लांब."

आठ महिने झाले होते. आम्ही गंगेकाठी मिर्झापूरला एका मुलींच्या शाळेत उतरलो आहोत. शाळेचा पत्ता मी तुम्हाला कळवलेला. एके दुपारी मी पोस्टात पत्रं टाकायला जाते तर तारबाबू खिडकीतून हात बाहेर काढून कागद नाचवतो. "लीजिए बहनजी, बाबूजी ने होली पर बुलाया है!" कागदावर हिंदीत लिहिलेलं, शेवटचा शब्द तेवढा मराठी राहिलेला, "होली है. ये."

देवनागरीतून तार करता येते याचा तुम्हाला केवढा अभिमान होता. तुम्ही तिथे लिहिलं होतंत, "होडी आहे. ये." एवढ्या लांब येता येता कुणीतरी ती सुधारली. त्या मुलखातल्या माणसाला शिमग्याच्या तोंडावर दुसरं काय सुचणार! या तारेच्या आधी तुम्ही एक पत्र धाडलं होतंत, त्यात सगळं नीट होतं, तारीख, बंगला, कुठली एस.टी. धरायची, कुठे उतरायचं. पण ते आमच्या आधीच्या मुक्कामावर गेलं आणि आम्ही तिथून निघून गेलो होतो. तार नुसती आठवण करून द्यायला होती. तारीख नाही, गाव नाही, कशाची होडी ते नाही. निवृत्तीला चार महिने राहिलेत, खात्याने पहिल्यांदाच तीन दिवस बंगला आणि होडी दिलीय, भंडारदऱ्याच्या ज्या धरणाचं पाणी तीस वर्षं वाटलं ते तुम्ही घरच्यांना पहिल्यांदा दाखवणार आहात, यातलं मला काही म्हणजे काही माहीत नव्हतं.

मी होळीच्या दिवशी सकाळी श्रीरामपूरजवळच्या आपल्या बेलापूर स्टेशनावर सायकल उतरवून घेतली आणि थेट घरी. दारातच आईने पुरण वाटता वाटता माझ्याकडे पाहिलं. "आत्ता उगवलीस होय?" मला वाटलं, लाडाने म्हणतेय. मी तिच्या गळ्यात पडायला गेले तर तिने कोपराने दूर केलं. "तीन दिवस त्या धरणाच्या दगडावर बसून आलोय आम्ही. दादा आला होता. सूनबाई आली होती." मग पुरण वाटतानाच तिने सगळं सांगितलं, आणि प्रत्येक वाक्यागणिक वरवंटा जरा जास्तच आपटला.

पहिला दिवस बरा गेला म्हणे. तुम्ही दादाशी बोलला नाहीत, पण त्याच्यासमोर चहाचा कप तुम्हीच नेऊन ठेवलात. वहिनी पाण्याकडे बघून हरखली होती. मुंबईची असूनही होडीत कधी बसली नव्हती. तिने विचारलं, "मामंजी, जायचं का?" तुम्ही म्हणालात, "ती आल्यावर." संध्याकाळी आईने विचारलं. "ती आल्यावर." दुसऱ्या दिवशी सकाळी नावाडी स्वतः येऊन म्हणाला, "सायेब, वारं पडलंय, आत्ता निगालं तर बरं हाय." "ती आल्यावर." दुपारी शेंडी गावाहून एस.टी. आली, तिच्यातून मी उतरले नाही, आणि दादा उठून उभा राहिला. "आप्पा, आम्ही मुंबईहून आलोय ना? आम्ही कोणीच नाही का?" त्यावर तुम्ही काय म्हणालात, तर "थांब."

थांब! आई म्हणते तुमचा आवाज तेव्हा कापला. दादा म्हणतो तुम्ही कालव्यावरच्या पाटकऱ्याला दरडावता तसं दरडावलंत. मी नव्हते, मला काय माहीत? पण आप्पा, 'थांब रे' म्हणायला काय झालं होतं? 'थांब, बाळ' म्हणाला असतात तर? वहिनीची पिशवी उचलून तो त्याच एस.टी.ने गेला. होडी तिसऱ्या संध्याकाळपर्यंत काठालाच बांधलेली होती.

तारेचा तो 'होली है'चा कागद मी तुम्हाला दाखवला होता. धुळवडीनंतर तुम्ही आईला आणि मला घेऊन पुन्हा गेलात. या वेळी बंगला मिळाला नाही, तिथे कुणी मोठे साहेब उतरले होते. कालव्याला उन्हाळ्याच्या पाण्याची पाळी सुटल्यामुळे पाणीही बरंच खाली गेलेलं, चिखल तुडवत होडीपर्यंत जावं लागलं. नावाडी म्हणाला, "बाई, तवा यायला हवं हुतं तुमी. पानी पार त्या झाडाला लागलेलं. सायेब निस्ते रस्त्याकडं बगत बसायचे. आमी म्हनायचो, सायबांना पानी न्हाई, यष्टी बगायचीय." आई डाफरली, "तू वल्हं मार बरं!" तो हसला आणि वल्हं मारू लागला.

होडी हलली आणि तुम्ही दोन्ही हातांनी फळी घट्ट धरलीत. बोटं पांढरी पडेपर्यंत. तेव्हा मला कळलं की तुम्हाला पोहता येत नाही. तीस वर्षं पाण्याच्या काठाने चाललात, पण होडीत कधी पाय ठेवला नव्हता. मला तुमची दया यायला हवी होती. पण दादा निघून गेल्याचं डोक्यात घुमत होतं, आणि समोरची आडवी फळी रिकामी होती, तिच्यावर दोघं सहज मावली असती. मी चिडूनच बोलले, "आप्पा, दोन शब्दांची तार कोण करतं हो?"

"तीन होते," तुम्ही म्हणालात.

आईला हसू फुटलं, नावाड्यालाही. मला तर रडूच येत होतं. मग बऱ्याच वेळाने तुम्ही माझ्याकडे न बघता म्हणालात, "आपल्या घरात होळी कोण म्हणतं? शिमगा म्हणतो आपण." आवाजात राग नव्हता. तुम्ही विचारत होतात आणि उत्तरासाठी थांबला होतात. मी म्हटलं, "तिकडे सगळे होळीच म्हणतात. मला वाटलं, तारबाबूने बदललं असेल."

"बरं."

आणि मग आणखी थोडं पाणी कापून झाल्यावर, "ती काशीची होडी. वल्ही किती होती तिला?"

"चार," मी म्हटलं.

"मोठी असणार."

म्हणजे माझं कार्ड तुम्हाला पोचलं होतं. मिर्झापूरहून दगड भरलेली एक मोठी होडी काशीला निघाली होती, शाळेच्या मोठ्या बाईंच्या ओळखीने आम्हा दोघींना तिच्यात जागा मिळाली होती, दोन दिवस गंगेवर, रात्री वाळूवर चूल. तुम्ही सगळे काठावर बसलेले होतात तेव्हा मी त्या होडीत होते. काशीला उतरल्यावर मी ते सगळं बारीक अक्षरात कार्डावर लिहून तुम्हाला पाठवलं होतं, तुम्हाला आनंद होईल म्हणून. तुम्ही ते वाचलंत, आणि विचारलंत काय, तर वल्ही किती. दोन थोबाडीत मारल्या असत्यात तर चाललं असतं मला.

आता जे त्या होडीत सांगितलं नाही ते लिहिते. तारबाबूने कागद दिला तेव्हा मी तो मैत्रिणीला दाखवला आणि म्हणाले, "गंमत बघ, आमचे आप्पा होळी म्हणतच नाहीत कधी, आमच्याकडे शिमगा. आणि शिमग्याला तार करून बोलावणारे ते नव्हेत. काहीतरी चुकलंय." ती म्हणाली, "मग उलट तार करून विचार की." आम्ही पोस्टाच्या पायरीवरच उभ्या होतो. खिडकी उघडी होती. पण उत्तर आलं असतं तर कदाचित लगेच निघावं लागलं असतं, आणि दगडांची होडी तीन दिवसांनी सुटणार होती. मी कागदाची घडी केली आणि म्हटलं, "होळीला पोचलं म्हणजे झालं."

तुमचं ते पत्र तीन गावांचे शिक्के खात आपल्या चाळीत परत आलं, मी आल्यावर पंधरा दिवसांनी. तुम्ही कालव्यावर गेला होतात. मी एकटीने उघडलं. आठ ओळी, सगळ्या एस.टी.च्या वेळा आणि फाटे. शेवटची ओळ मात्र तुमच्या आयुष्यातली सगळ्यात लांब असेल. "तू आलीस तर तो थांबेल, नाहीतर मला त्याच्याशी बोलायला जमणार नाही."

तुम्ही त्यानंतर तीन वर्षांनी गेलात. दादा पोचला तोवर सगळं उरकलं होतं. तेव्हापासून तो एकच गोष्ट वेगवेगळ्या तऱ्हेने म्हणत आलाय, की आप्पांनी होडी तुझ्यासाठी थांबवली होती, माझ्यासाठी नव्हे. कधी हसत, कधी दोन घोट घेतल्यावर. प्रत्येक वेळी मी सांगते, "तार चुकली रे." ती शेवटची ओळ त्याला दाखवली असती तर त्याच वेळी सगळं मिटलं असतं. पण मग त्याने विचारलं असतं की होळी आणि शिमगा तुला कळला नाही का गं, आणि तो तुमच्यासारखा 'बरं' म्हणून सोडून देणारा नाही. म्हणून चोवीस वर्षं तुमचं पत्र माझ्याकडे आहे आणि राग तुमच्यावर. तुम्ही कमी बोललात म्हणून माझं किती सोयीचं झालं, बघा.

आज दुपारी मी खरं तर दादाला लिहायला बसले होते. कोरा कागद समोर घेतला, तुमच्या पत्राची घडी शेजारी ठेवली, आणि वर नाव लिहिलं तर ते 'आप्पा' झालं. तुम्हाला सांगणं सोपं आहे. तुम्हाला तर माहीतच होतं.