काळी चारचा सा

अवधपुरी, भोपाळ
ता. ३ ऑगस्ट २०२५

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

फोन दिवसभर पेटीसमोर उभा असतो, म्हणून हे पत्र. मंडळात आरतीला पेटी वाजवणारे गोपीनाथराव मुलाकडे नागपूरला राहायला गेले. यंदा मी वाजवीन, असं मी बैठकीत म्हणून बसले. मोबाइलवर शिकतेय म्हटल्यावर आमचे जितेंद्रभावजी, म्हणजे मंडळाचे चिटणीस, हसले. वहिनींनी ॲपवर ऐंशी गुण आणून दाखवावेत, नाहीतर स्पीकरवर रेकॉर्ड लावू, असा फैसलाच त्यांनी सुनावला.

मी तीन ॲप घेऊन पाहिली. पहिलं भलतंच लाघवी, कुकरच्या शिट्टीलाही शाबासकी देतं. दुसऱ्यातले गुरुजी छान शिकवतात, पण त्यांना माझं ऐकू येत नाही. तरी शिकते त्यांच्याकडूनच. धड गुण देणारं काय ते तिसरं, आणि ते महाहट्टी. त्याचा सा पांढरी एक या पट्टीवरून हलतच नाही. आमच्या बायकांचा गळा लागतो काळी चारला. तिथे सा धरला की सूर बरोबर असूनही सगळ्या लाल फुल्या! काल एकतीस गुण मिळाले.

जिजाजींना नमस्कार. माया आहे तशीच राहू दे.

तुझी,
सुरुची

उज्जैन
ता. ९ ऑगस्ट

चि. सौ. सुरुचीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून आधी हसले, मग काळजी वाटली. अगं, अडला हरी गाढवाचे पाय धरी. पांढरी एकमध्ये वाजव, गुण मिळव आणि मोकळी हो. सणासुदीला दिराशी वाकडं कशाला? शिवाय अठ्ठावन्नाव्या वर्षी चारचौघांत चुकलीस तर लोक नावं ठेवतील. बाबांनी पेटी मुलगा म्हणून विश्वासला दिली, तेव्हा आपण दोघींनी ती फडक्याने पुसण्यात समाधान मानलंच ना?

हे विचारतात, कुकरला किती गुण पडले? रागावलीस तरी उत्तर पाठव.

तुझी,
ताई

अवधपुरी, भोपाळ
ता. २८ ऑगस्ट

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

रागावलेच आहे. समाधान तू मानलंस. मी बंद पेटीच्या झाकणावर बोटं चालवायचे, आणि ते तू पाहिलंयस. आता पांढरी एकची सवय लावून घेतली तर बायकांनी काय खर्जात बुडायचं? फोनच्या सोयीने आम्ही गाणार नाही.

काल चतुर्थीला भावजींनी सगळ्यांदेखत गुण विचारले. मी एकतीस दाखवले, फोन त्यांच्याच हातात ठेवला आणि पेटीवर बसले. ते स्पीकरकडे वळेपर्यंत मी काळी चारचा सा धरला होता. पहिला आवाज लावला तो त्यांच्याच बायकोने, वैशालीने. मग सगळ्याच गाऊ लागल्या. दोनदा बोट घसरलं, चांगलं मोठ्यांदा. मला घाम फुटला, पण आरती थांबली नाही आणि मीही थांबले नाही. ताई, इतका आनंद मला कित्येक वर्षांत झाला नव्हता.

प्रसाद वाटताना भावजी म्हणाले, उद्यापासून ऐंशी हवेतच. मी त्यांना सांगितलं की उद्याची आरती साडेसातला आहे, येताना टाळ घेऊन या.

लोभ असावा, सल्ल्याशिवाय.

तुझी,
सुरुची